विद्यार्थी परिषद: अर्ज कसा करायचा, कागदपत्रं कोणती आणि पदभार कसा सोपवायचा (सोलापूर जिल्ह्यातल्या लहान महाविद्यालयांसाठी)

प्रवेशाची धावपळ संपून तासिका सुरळीत लागल्या की फलकावर एक सूचना लागते: 'विद्यार्थी परिषद स्थापन करावयाची आहे, इच्छुकांनी कार्यालयात अर्ज सादर करावेत.' सातशे-आठशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात ती वाचणारे कमी, आणि वाचून अर्ज करणारे त्याहून कमी. परिषद म्हणजे गॅदरिंगच्या दिवशी छातीला बिल्ला लावून स्टेजजवळ उभी राहणारी मंडळी, अशीच बहुतेकांची समजूत असते. परिषदेचं काम अनेक वर्षं जवळून पाहतो आहे, म्हणून सांगतो: अर्ज करणं अवघड नाही. अवघड आहे ते वर्षाअखेरीस हातातलं काम पुढच्यांच्या हातात नीट देणं. त्यामुळे अर्जाचं आधी आटोपशीर सांगतो आणि पदभाराबद्दल सविस्तर.

परिषद बनते कशी

आपल्या जिल्ह्यातली महाविद्यालयं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. 1 ऑगस्ट 2004 रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं कार्यक्षेत्र सोलापूर जिल्ह्यापुरतंच आहे. परिषदेला आधार आहे तो महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 99 चा. हा कायदा 1 मार्च 2017 पासून लागू झाला.

त्याआधीच्या 1994 च्या कायद्यात निवडणूक जवळजवळ नव्हतीच. मागच्या परीक्षेत वर्गात पहिला आलेला विद्यार्थी वर्गप्रतिनिधी व्हायचा. खेळ, एनएसएस, एनसीसी आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांतून प्रत्येकी एक आणि दोन विद्यार्थिनी प्राचार्य नेमायचे. मग या सगळ्यांनी आपल्यातून सचिव निवडायचा. 2016 च्या कायद्याने खुली निवडणूक परत आणली. अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी या चार पदांसाठी महाविद्यालयातल्या सगळ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांनी मत द्यायचं, आणि प्रत्येक वर्गाने आपला वर्गप्रतिनिधी निवडायचा. 2019 मध्ये राज्यभर या निवडणुकांची तयारी झाली होती. विधानसभा निवडणूक आली आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. त्यानंतर कोरोना आला.

तेव्हा यंदा परिषद निवडणुकीने होणार की गुणवत्तेनुसार नियुक्तीने, हे कॅन्टीनमधल्या गप्पांवरून ठरवू नका. विद्यापीठाचा विद्यार्थी विकास विभाग परिपत्रक काढतो आणि ते महाविद्यालयाच्या कार्यालयात येतं. परिषदेचे समन्वयक असलेल्या सर-मॅडमना भेटा, परिपत्रक दाखवायला सांगा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वयाची अट, शेवटची तारीख, राखीव जागेसाठी यंदा कोणत्या प्रवर्गाची पाळी आहे, हे सगळं त्यातच असतं.

पात्रता

मूळ अट एकच आणि ती सुटत नाही: तुम्ही त्या महाविद्यालयाचे पूर्णवेळ, नियमित विद्यार्थी असले पाहिजे. प्रवेश रद्द केला किंवा दुसरीकडे बदलून गेलात तर पदही त्याच दिवशी गेलं.

बाकीच्या अटींचा पाया लिंगडोह समितीच्या शिफारशींचा आहे. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 च्या आदेशाने देशभर लागू केल्या. त्यांनुसार उमेदवाराची हजेरी किमान 75 टक्के हवी, त्या वर्षी एकही विषय राहिलेला नको, म्हणजे एटीकेटी चालत नाही. फौजदारी गुन्ह्यात खटला चाललेला वा शिक्षा झालेली नको, महाविद्यालयाने शिस्तभंगाची कारवाई केलेली नको. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी समितीने 17 ते 22 हा वयोगट सुचवला आहे. तुमच्या परिपत्रकात वय वेगळं दिलं असेल तर तेच धरायचं. पदाधिकारी होण्याची संधी एकदाच मिळते, कार्यकारिणीचं सदस्य मात्र दोनदा होता येतं.

हजेरीच्या अटीपाशी थोडं थांबतो, कारण आपल्याकडे तिथेच चांगली मुलं गळतात. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर मेडिकलच्या दुकानात, पेट्रोल पंपावर किंवा यंत्रमागावर काम, असं करणारी मुलं सोलापुरात वर्गावर्गात आहेत. मोहोळ, अक्कलकोटहून एसटीने येणाऱ्यांची पहिली तासिका गाडी उशिरा आली की बुडते. अशा विद्यार्थ्याला अडचणी इतरांपेक्षा जास्त कळतात, आणि परिषदेत तोच नसतो. म्हणून अर्जाच्या आदल्या दिवशी हजेरी मोजत बसू नका. सत्र सुरू झाल्यावर महिन्याभरात वर्गशिक्षकांकडे जाऊन आकडा विचारा. एनएसएस, एनसीसी, क्रीडा स्पर्धा यांसाठी महाविद्यालयानेच पाठवलं असेल, तर ती पत्रं दाखवून त्या दिवसांची हजेरी वेळीच लावून घ्या.

कागदपत्रं

अर्जाचा नमुना कार्यालयात मिळतो. त्यावर प्रस्तावक आणि अनुमोदक म्हणून दोघा विद्यार्थ्यांच्या सह्या लागतात. ते कोणत्या वर्गाचे हवेत ते नमुन्यावर वाचा. अर्जासोबत चालू वर्षाची फी पावती, ओळखपत्राची झेरॉक्स, मागच्या वर्षाच्या दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका, वर्गशिक्षकांच्या सहीचा हजेरीचा दाखला आणि वयासाठी दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा. राखीव प्रतिनिधीच्या जागेसाठी जातीचा दाखला लागतो. तो हाताशी नसेल तर 'आपले सरकार'वर अर्ज लगेच टाका, कारण उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीचा दाखला दोन दिवसांत हातात पडत नाही. खेळ, एनएसएस, सांस्कृतिक यांतून नाव द्यायचं असेल तर प्रमाणपत्रं तारखेच्या क्रमाने लावा.

गुन्हा नोंद नाही, शिस्तभंगाची कारवाई नाही, यासाठी स्वयंघोषणापत्र साध्या कागदावर स्वतःच्या सहीने द्यायचं. त्यासाठी स्टॅम्पपेपरवर पैसे घालवू नका.

छाननीत अर्ज बाद होतात ते बहुतेक वेळा बारीकसारीक कारणांनी. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि अर्जावर नाव आधी. आईचं नाव राहिलेलं. तेलुगू किंवा कन्नड आडनाव एका कागदावर एका तऱ्हेने, दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं. आपल्या शहरात हे नेहमीचं आहे. गुणपत्रिकेवर जसं नाव आहे, अक्षर न अक्षर तसंच अर्जावर लिहा. अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

निवडणूक असेल तर प्रचाराचे नियम कडक आहेत. छापील पोस्टर चालत नाही. हाताने केलेलं चालतं, तेही ठरवून दिलेल्या जागीच. लाउडस्पीकर नाही, मिरवणूक-वाहनं नाहीत, बाहेरचा माणूस प्रचारात नाही. लिंगडोह समितीची खर्चमर्यादा उमेदवारामागे 5,000 रुपये आहे आणि निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यावा लागतो. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंतचं सगळं 10 दिवसांत आटोपायचं. तक्रार असेल तर निकालापासून तीन आठवड्यांच्या आत. परिषदेला राजकीय कामात पडता येत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. त्यामुळे कुठल्या पक्षाचा गमछा गळ्यात घालून फॉर्म भरायला जाऊ नका.

निवड झाल्यावर काय मिळतं

हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्याच कायद्याच्या कलम 97 नुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, प्राध्यापकांचे प्रतिनिधी, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी तिच्यात बसतात आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिवही तिचे सदस्य असतात. समितीची बैठक वर्षातून किमान चारदा व्हायला हवी. महाविद्यालयाचा विकास आराखडा आणि वार्षिक अंदाजपत्रक इथे समोर येतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, ग्रंथालयात नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं नाहीत, एसटीच्या वेळेमुळे शेवटची तासिका बुडते, हे सगळं मांडायची जागा हीच. गॅदरिंगपेक्षा कितीतरी मोठं काम या चार बैठकांत होतं. बैठकीची सूचना तुम्हाला येत नसेल तर प्राचार्यांना आदराने, पण लेखी विचारा.

याशिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिच्यात एक विद्यार्थी विशेष निमंत्रित म्हणून, एक वर्षासाठी घेतात. ती निवड अभ्यास, खेळ वा इतर उपक्रमांतल्या गुणवत्तेवर होते. परिषदेच्या पदामुळे ती जागा आपोआप मिळत नाही, त्यामुळे तिची चौकशी वेगळी करा.

पदभार सोपवणं

परिषदेचं आयुष्य एका शैक्षणिक वर्षाचं. अध्यक्ष-सचिव बहुधा तिसऱ्या वर्षाचे असतात. एप्रिल-मेमध्ये पेपर संपले की कोणी पुण्याला नोकरीला, कोणी स्पर्धा परीक्षेच्या तयारीला निघून जातं. नवी परिषद बसते ऑगस्टमध्ये किंवा त्याही नंतर. मधल्या तीन-चार महिन्यांत वही कुणाच्या घरी, पावत्या कुणाच्या बॅगेत आणि इन्स्टाग्रामचा पासवर्ड कुणाच्या डोक्यात. मोठ्या महाविद्यालयात निदान एखादं कार्यालय, एखादं कपाट असतं. लहान महाविद्यालयात परिषद म्हणजे ती चार-पाच मुलंच. ती गेली की गेल्या वर्षीचं सगळं कोऱ्या पाटीवर येतं, आणि नवा सचिव तोच अर्ज पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसतो.

म्हणून पदभार दोन टप्प्यांत द्या. पहिला मार्चमध्ये, तोंडी परीक्षा आणि प्रोजेक्टच्या गडबडीआधी: जुनी परिषद समन्वयकांकडे सगळं सोपवते. दुसरा नवी परिषद झाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत: समन्वयक ते नव्या सचिवाच्या ताब्यात देतात, आणि त्या दिवशी जुन्या सचिवाला निदान फोनवर तरी घेतात.

सोपवायची पहिली गोष्ट इतिवृत्ताची वही. तिच्यात झालेल्या ठरावांइतकंच अडकलेलं कामही लिहा. समजा तुम्ही ठराव केला: ग्रंथालय शनिवारी दुपारीही उघडं असावं. त्याखाली लिहायचं: पत्र कोणत्या तारखेला दिलं, आवक क्रमांक काय, तोंडी उत्तर काय आलं, कोणी दिलं. 'ग्रंथपालांची तयारी आहे, शिपाई जादा वेळ थांबण्याचा प्रश्न आहे, विकास समितीत मांडायचं राहिलं.' एवढ्या तीन ओळींनी पुढच्या सचिवाचे दोन महिने वाचतात.

दुसरी गोष्ट पैसे. गॅदरिंगसाठी घेतलेली उचल, खर्चाची व्हाउचरं, परत भरलेली शिल्लक, हे लेखा विभागाकडून तपासून घ्या आणि 'येणे-देणे नाही' अशी सही घ्या. वर्गणी किंवा कार्यक्रमाचे पैसे कुणाच्याही स्वतःच्या फोनपेवर घेऊ नका. वर्षाअखेरीस प्रामाणिक मुलालाही ते निस्तरताना नाकीनऊ येतात, आणि लहान गावात एकदा नावावर शिंतोडा उडाला की तो पुसला जात नाही.

तिसरी गोष्ट साहित्य. डेडस्टॉक रजिस्टरशी, म्हणजे महाविद्यालयाच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीशी, ताळा करून यादी करा आणि वस्तूची स्थितीही लिहा. नुसतं 'तबला जोडी 1' लिहून भागत नाही. 'तबला जोडी 1, डग्ग्याची शाई उडालेली, दुरुस्ती बाकी' असं लिहा. माइक, वायरचं वेटोळं, नाटकाचे पडदे, संचलनाचा ध्वज, कपाटाच्या किल्ल्या किती आणि कुणाकडे.

चौथी गोष्ट खाती. परिषदेचा ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद, इन्स्टाग्रामचं खातं. ईमेल कुणाच्या खासगी नंबरला जोडलेला असेल तर तो समन्वयकांच्या नंबरवर घ्या. वर्गप्रतिनिधींच्या ग्रुपमध्ये मुलींचे नंबर असतात. जुन्या सदस्यांनी पद संपल्यावर ग्रुप सोडायचा, हा नियम लेखी ठेवा.

पाचवी गोष्ट वर्षाचं टिपण, एक-दोन पानांचं. युवा महोत्सवाच्या प्रवेशिका कधी मागवल्या, कलाकारांची यादी कधीपर्यंत पाठवावी लागली. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहासाठी किती आधी विचारणा करावी लागली. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते. त्या दिवसांत गॅदरिंगची तारीख धरायची नाही, मंडप आणि साउंडवाल्यांशी आधीच बोलायचं. रात्री 10 नंतर ध्वनिवर्धक बंद, त्यामुळे बक्षीस समारंभ शेवटी ठेवला की तो उरकावा लागतो. हे कुठल्याही परिपत्रकात सापडत नाही.

एक सूचना माझी, नियमातली नव्हे: दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला सहसचिव म्हणून वर्षभर सोबत घ्या. कायद्यात असं पद नाही, त्यामुळे त्याला मत नसेल. पण बैठकीला बसेल, वही लिहील आणि पुढच्या ऑगस्टमध्ये महाविद्यालयातच असेल.

पदभार यादीच्या तीन प्रती काढा. एक कार्यालयाच्या फाइलला, एक समन्वयकांकडे, एक नव्या सचिवाकडे. तिन्हींवर देणाऱ्याची, घेणाऱ्याची आणि प्राचार्यांची सही, तारखेसह.

मागच्यांनी काहीच ठेवलं नसेल तरी अडून बसू नका. खर्चाच्या व्हाउचरांची नोंद लेखा विभागात असते, विकास समितीची इतिवृत्तं प्राचार्यांच्या कार्यालयात, युवा महोत्सवाचा पत्रव्यवहार सांस्कृतिक विभागाच्या फाइलमध्ये. समन्वयकांच्या सहीने एक पत्र देऊन गेल्या दोन वर्षांचे हे कागद पाहायला मागा, लागतील त्यांच्या झेरॉक्स काढा आणि नवी फाइल त्यावरून सुरू करा.