पणजोबा शोधायला येताय? आडनाव जरा बाजूला ठेवून या

आमच्याकडे मोडी लिपीतले कागद वाचून घ्यायला आणि जुने कागद शोधायला येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "आमचं आडनाव अमुक, पणजोबा इंग्रजांच्या काळात फौजेत होते, काही मिळेल का?" मिळतं हो, बऱ्याचदा मिळतं, पण नुसत्या आडनावावर नाही मिळत. हे फोनवर दिवसातून चार वेळा सांगून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून काढलंय. येण्याआधी वाचा, तुमचेच पैसे वाचतील.

आज आडनाव आधार कार्डावर पक्कं बसलंय म्हणून आपल्याला वाटतं की ते पूर्वीपासून तसंच होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गावचं दप्तर लिहिणाऱ्याला आडनावाची फारशी गरजच नव्हती, अर्धं गाव एका भावकीचं, सगळ्यांचं आडनाव एकच, मग ते लिहून माणूस ओळखायचा कसा? तो लिहायचा "राघू बिन तुकाजी". बिन म्हणजे मुलगा. बाई असेल तर "सखू कोम राघू", म्हणजे राघूची बायको. (एक साहेब कोम म्हणजे कौम समजून पूर्ण आठवडा आपली जात काय ते कोड्यासारखं सोडवत बसले होते.) आता याच राघूच्या घरात पाटीलकी असेल तर जमिनीच्या कागदात तो पाटील, फौजेत भरती झाला की तिथल्या कारकुनाने कुळाचं आडनाव टाकलं म्हणून मोरे, आणि मुंबईला गिरणीत गेलेल्या त्याच्या सख्ख्या भावाने गावाचं नाव लावून शेवटी "कर" जोडलेलं. तुम्ही यातलं एकच धरून शोधलंत तर बाकीचे कागद समोर असून दिसत नाहीत.

एक उदाहरण देतो, नावं बदलली आहेत. एक ताई आल्या, घरात एवढंच माहीत की पणजोबा "बसऱ्याला (आजच्या इराकमधलं बसरा) गेले ते आलेच नाहीत". महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साईटवर त्यांनी स्वतःच दोन महिने शोधलं होतं, पाटील आडनाव टाकून. आम्ही विचारलं पणजोबांच्या वडिलांचं नाव काय, तर माहीत नाही. मग गावाकडच्या आत्याला फोन लावला, आत्या म्हणाली तुकाजी, आणि अर्ध्या तासात नोंद सापडली, कारण त्या यादीत बऱ्याच हिंदी शिपायांपुढे वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं लिहिलेलं असतं. तुकाजीचा मुलगा, तालुका पाटण, जिल्हा सातारा. आडनाव मात्र मोरे! पलटण ११० वी मराठा. ही पलटण, १०३ आणि ११७ सोबत, पूना डिव्हिजनमधून पहिल्या महायुद्धात मेसापोटेमियात (आजचं इराक) गेली होती आणि तिथे कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकली, डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ ला शरणागती होईपर्यंत. पणजोबांच्या मृत्यूची तारीख त्यानंतरची, म्हणजे बहुतेक तुर्कांच्या कैदेत वारले. ताईंना बसऱ्याच्या स्मारकावरचं नाव फोटोत बघायचं होतं, पण तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत, साध्या शिपायांची कोरलेलीच नाहीत, पलटणीपुढे फक्त आकडा. यादीत मात्र नाव आहे, त्याची प्रिंट आम्ही काढून दिली.

आत्याला फोन दोन महिने आधी केला असता तर आमच्याकडे यायचीसुद्धा गरज पडली नसती, हे आम्ही ताईंना तोंडावर सांगितलं. धंद्याचं नुकसान होतं पण खरं तेच आहे.

तर येताना तीन गोष्टी आणा: पणजोबांच्या बापाचं नाव, गाव (वाडीसकट), आणि ते गाव तेव्हा कुठे मोडत होतं ते. तिसऱ्यावर सगळे अडकतात. तुमचं गाव आज रायगडात आहे पण रायगड हे नाव १९८१ चं, त्याआधी कुलाबा. सिंधुदुर्ग पण १९८१ लाच रत्नागिरीतून निघाला. सांगली १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळी झाली आणि सांगली हे नाव १९६० ला मिळालं. त्यात गाव भोर, औंध, सांगली, सावंतवाडी असल्या संस्थानात असेल तर दप्तर वेगळं, आणि मराठवाडा असेल तर निजामाचं राज्य, म्हणजे उर्दू कागद आणि फसली साल (महसुलाचं साल). फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतं (निजामाकडे साल ऑक्टोबरमध्ये बदलायचं, म्हणून जानेवारी ते सप्टेंबरच्या कागदाला ५९१), शकात ७८. हे न करता "१३२० सालचा कागद आहे, शिवाजी महाराजांच्या पण आधीचा" असं सांगत लोक येतात. तो १९१० च्या आसपासचा असतो.

फौजेतले नसतील तर जास्त कामाचे कागद गावातलेच. जन्म-मृत्यूचं रजिस्टर म्हणजे गाव नमुना १४, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात, शाळेचं जनरल रजिस्टर, फेरफार, कडईपत्रक (जमिनीचा जुना कागद). १९१८ ला गेलेल्यांपुढे मरणाचं कारण बहुतेक वेळा नुसतं "ताप" दिसेल. ती इन्फ्लुएंझाची साथ, तेव्हा छापील रकान्यात पटकी, देवी, ताप अशीच ठरलेली कारणं होती म्हणून सगळे तापात ढकलले. फेरफार बऱ्याच जिल्ह्यांचे स्कॅन करून सरकारच्या आपले अभिलेख साईटवर टाकलेत, ते आधी घरी बसून बघा, आमच्याकडून प्रिंट काढून घेण्यात पैसे घालवू नका. मोडीतलं पान लागलं की मग आमच्याकडे या. इनाम-वतनाची भानगड असेल तर पुण्याचं पुराभिलेखागार, तिथे अर्ज, रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) काढणं, वाचणं यात दिवस जातात, ते काम आम्ही करतो.

घरात चांदीचं जुनं पदक असेल तर कृपा करून पितांबरीने घासू नका. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण बारीक अक्षरात असते आणि घासून घासून नेमकं तेच जातं. कागद लॅमिनेट पण करू नका, वाचता येत नाही आणि सोडवता पण येत नाही.

आता पैशाचं. आम्ही दिवसाचे पैसे घेतो, सापडल्याचे नाही. यावर लोक नाराज होतात, "काही मिळालं नाही तरी पैसे कसले?" अहो, नाही मिळालं हे कळायला पण तेवढीच पानं उलटावी लागतात. आणि सापडल्यावर पैसे असं ठेवलं की सापडवायचा मोह होतो, असे वाचक बाजारात आहेत. विशेषतः २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी मोडी वाचणाऱ्यांना डिमांड आल्यावर तर विचारू नका. आम्ही कागदात आहे तेच अक्षर न् अक्षर लिहून देतो, ओळीखाली ओळ, म्हणजे दुसऱ्या कुणाकडूनही तपासून घेता येतं. पुसट असेल तिथे पुसट म्हणूनच लिहितो. सरदार घराण्याला नेऊन जोडणारी वंशावळ पाहिजे असेल तर आम्हाला विचारू नका.

पहिल्यांदा कागदाचा फोटो बघून मोडी आहे का, साधारण कुठल्या काळातला, किती दिवसांचं काम, एवढं सांगायचे पैसे नाहीत. फोटो उजेडात, वरून सरळ काढा, आणि पाठीमागची बाजू पण पाठवा, शेरे बरेचदा मागेच असतात. आणि आत्याला फोन करून झाला असेल तरच मेसेज करा.