नाथ पै विधेयक

नाथ पै विधेयक : मूलभूत हक्कांसह राज्यघटनेची कोणतीही तरतूद दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार अनुच्छेद ३६८ मध्ये स्पष्टपणे नोंदवावा, यासाठी राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी ७ एप्रिल १९६७ रोजी लोकसभेत मांडलेले अशासकीय (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेले) विधेयक. अधिकृत नाव संविधान (सुधारणा) विधेयक, १९६७ असले, तरी कायद्याच्या अभ्यासकांत आणि वर्तमानपत्रांत ते मांडणाऱ्याच्याच नावाने ओळखले गेले. ते मंजूर झाले नाही. चौथी लोकसभा २७ डिसेंबर १९७० रोजी विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले, म्हणजे निर्णयाविनाच आपोआप संपुष्टात आले. मात्र त्याचा गाभा १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीत आला आणि १९७३ च्या केशवानंद भारती निकालात त्याचीच कसोटी लागली. एका लहान विरोधी पक्षाच्या सदस्याने मांडलेल्या विधेयकाने देशाच्या घटनात्मक चर्चेला इतकी दिशा दिल्याचे दुसरे उदाहरण भारतीय संसदेच्या इतिहासात सापडणे कठीण आहे.

या विधेयकाचे निमित्त होते गोलकनाथ खटला. पंजाबात जालंधरच्या गोलकनाथ कुटुंबाकडे सुमारे ५०० एकर जमीन होती. १९५३ च्या पंजाब जमीनधारणा कायद्याखाली त्यांतली बरीचशी अतिरिक्त ठरली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ न्यायमूर्तींच्या पीठाने २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सहा विरुद्ध पाच अशा मतांनी निकाल दिला, की संसदेला येथून पुढे मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. सरन्यायाधीश के. सुब्बा राव यांचा युक्तिवाद असा, की अनुच्छेद ३६८ दुरुस्तीची केवळ कार्यपद्धती सांगतो, अधिकार देत नाही. त्यामुळे घटनादुरुस्ती हाही एक ‘कायदा’च ठरतो आणि हक्कांचा संकोच करणारे कायदे रद्दबातल ठरवणारा अनुच्छेद १३ तिला लागू होतो. आधीच्या दुरुस्त्या मात्र निकालाने मोडल्या नाहीत. त्या मोडल्या असत्या, तर देशभरातल्या जमीनसुधारणा कोलमडल्या असत्या. १९५१ च्या शंकरीप्रसाद आणि ऑक्टोबर १९६४ च्या सज्जन सिंग या दोन्ही निकालांत न्यायालयाने नेमके उलटे मत दिले होते. तरी सज्जन सिंग खटल्यातच अमरावतीच्या मुधोळकर घराण्यातले न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी एक शंका नोंदवून ठेवली होती : घटनेचे मूलभूत वैशिष्ट्यच बदलणे ही दुरुस्ती म्हणायची, की घटनेचा तो भाग नव्याने लिहिणे? त्या वेळी या शंकेकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे सगळा वाद तिच्याभोवतीच फिरला.

निकाल लागून सहा आठवडे व्हायच्या आत नाथ पै यांचे विधेयक सभागृहात आले. चारच दिवसांनी, ११ एप्रिलला, सुब्बा राव यांनी सरन्यायाधीशपदाचा राजीनामा दिला आणि ते विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत उतरले. त्यामुळे न्यायालय आणि संसद यांच्यातल्या वादाला त्या महिन्यात राजकीय धारही चढली. नाथ पै स्वतः विरोधी बाकांवरचे होते, तरीही त्यांनी हा प्रश्न पक्षीय होऊ दिला नाही. हक्क काढून घेण्यासाठी आपण हे विधेयक आणलेले नाही, लोकांनी निवडून दिलेल्या संसदेकडे घटना बदलण्याचा अधिकार आहे की नाही एवढाच प्रश्न आहे, अशी त्यांची मांडणी होती.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्यात झाला. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी तुरुंगवास भोगला, नंतर लंडनला जाऊन ते बॅरिस्टर झाले आणि आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक चळवळीत वावरले. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा सलग तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवले. १९६० च्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपात ते पुढे होते. गोव्याची मुक्ती, महाराष्ट्र-म्हैसूर सीमाप्रश्न आणि कोकण रेल्वे हे विषय त्यांनी सातत्याने लावून धरले. त्यांच्या वक्तृत्वाची ख्याती आजही सांगितली जाते, पण संसदपटू म्हणून त्यांची खरी ताकद नियमांच्या जाणकारीत होती. कोणत्या आयुधाने कोणता प्रश्न सभागृहापुढे येतो, हे त्यांना नेमके ठाऊक होते. स्थगन प्रस्तावाने किंवा प्रश्नोत्तराच्या तासाने गोलकनाथ निकालाला उत्तर देता आले नसते. त्यासाठी विधेयकच हवे होते, आणि सरकार अजून काय करावे या विचारात असताना विरोधी सदस्याच्या हाती असलेला एकमेव मार्ग होता अशासकीय विधेयकाचा.

हा मार्ग अडचणींचा आहे. लोकसभेत अशासकीय कामकाजाला शुक्रवारचे शेवटचे अडीच तास मिळतात आणि तेही विधेयके व ठराव यांच्यात आलटून पालटून वाटले जातात. आपल्या विधेयकाचा क्रम कधी लागेल, हे सदस्याच्या हातात नसते. त्यातून घटनादुरुस्तीचे विधेयक असेल तर अट आणखी कडक : ते मांडण्याच्या परवानगीचा प्रस्ताव कामकाजाच्या यादीत येण्याआधीच ते अशासकीय विधेयके व ठराव समितीकडून तपासून घ्यावे लागते. पुढे मंजुरीसाठी दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश मत लागते. १९६७ च्या निवडणुकीत नाथ पै यांच्या प्रजा समाजवादी पक्षाचे अवघे १३ खासदार निवडून आले होते. खुद्द काँग्रेसकडेही ५२० पैकी २८३ जागा होत्या, म्हणजे दोन तृतीयांशाच्या जवळपासही नाही. हे गणित नाथ पै यांना ठाऊक नव्हते असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. विधेयक मंजूर होवो न होवो, प्रश्न सभागृहाच्या पटावर आणायचा, हा त्यांचा निर्णय होता.

सरकारने विधेयकाला तत्त्वतः पाठिंबा दिला आणि ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. अशासकीय विधेयकाच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो. समितीपुढे कायदेपंडितांनी बाजू मांडल्या, १९६८ मध्ये अहवाल सादर झाला आणि विधेयक पुन्हा सभागृहात आले. त्यानंतर मात्र चर्चा वेळोवेळी लांबणीवर पडत राहिली. सरकारलाच दोन तृतीयांश मतांची खात्री नव्हती. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली आणि ती खात्री पार मावळली.

विरोध दोन अंगांनी होता. ‘स्वतंत्र’ नावाच्या, खासगी मालमत्तेच्या कैवारी पक्षाला मालमत्तेचा हक्क धोक्यात दिसत होता, आणि तो विरोध अपेक्षितच होता. दुसरा आक्षेप जास्त खोल होता. न्यायालयाच्या म्हणण्याप्रमाणे संसदेला हक्कांना हात लावण्याचा अधिकारच नसेल, तर अनुच्छेद ३६८ दुरुस्त करून ती तो अधिकार स्वतःला कसा देऊ शकेल? मुळात नसलेला अधिकार घेण्याचाही अधिकार लागतोच. सुब्बा राव यांनी निकालात सुचवून ठेवले होते, की गरजच पडली तर नवी संविधान सभा बोलावता येईल. नाथ पै यांच्या बाजूचे उत्तर असे, की घटना करणाऱ्यांनी बदलाची रीत अनुच्छेद ३६८ मध्येच घालून दिली आहे. विधेयकाने नवा अधिकार निर्माण होत नाही, पहिल्यापासून असलेला आणि १९५१ पासून न्यायालयानेही मान्य केलेला अधिकार तेवढा नि:संदिग्ध होतो. एका न्यायमूर्तीच्या मताच्या फरकाने पुढच्या सगळ्या पिढ्यांचे हात बांधले जावेत का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण त्याच्या उत्तरात एक जागा मोकळी राहिली होती. संसद हीच लोकेच्छा, असे धरून चालताना संसदेतले बहुमतच लोकांवर उलटले तर काय, याची तजवीज विधेयकात नव्हती. नेहरूंच्या काळातल्या संसदेत घडलेल्या माणसाने संसदेवर एवढा विश्वास टाकावा हे समजण्यासारखे आहे, तरी ही उणीव या विधेयकाची खरी मर्यादा म्हणून नोंदवायला हवी.

१९७० हे वर्ष संस्थानिकांच्या तनख्यांच्या वादात गेले. तनखे रद्द करणारे दुरुस्ती विधेयक सप्टेंबरात राज्यसभेत, दोन तृतीयांशाच्या हिशेबात, एका मताहूनही कमी फरकाने पडले. डिसेंबरात लोकसभा विसर्जित झाली. १७ जानेवारी १९७१ रोजी, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, नाथ पै बेळगावात बोलले आणि त्यानंतर काही तासांतच, १८ जानेवारीला, तिथेच त्यांचे हृदयविकाराने निधन झाले. वय अवघे ४८.

मार्चच्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या आणि कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी २८ जुलै १९७१ रोजी चोविसाव्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. अनुच्छेद ३६८ चे शीर्षकच बदलून त्यात ‘कार्यपद्धती’ सोबत ‘अधिकार’ आला, घटनादुरुस्तीला अनुच्छेद १३ लागू होणार नाही असे लिहिले गेले आणि अशा विधेयकाला संमती देणे राष्ट्रपतींवर बंधनकारक झाले. नाथ पै यांनी चार वर्षांपूर्वी मागितले होते ते, आणि त्याहून थोडे जास्तच, आता घटनेत होते.

२४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींच्या पीठाने गोलकनाथ निकाल रद्द ठरवला आणि चोविसावी दुरुस्ती वैध मानली. त्याच वेळी सात विरुद्ध सहा मतांनी असेही ठरले, की दुरुस्ती करताना घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. म्हणजे नाथ पै यांचा मुद्दा आणि मुधोळकरांची शंका, दोन्ही एकाच निकालात मान्य झाली. संसदेवर अशी मर्यादा नको म्हणणाऱ्या सहांमध्ये दे. गो. पालेकर आणि य. वि. चंद्रचूड हे मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले दोन न्यायमूर्ती होते. आणीबाणीत, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने संसदेचा हा अधिकार अमर्याद असल्याचे घटनेत लिहिले गेले. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालात ती तरतूद रद्द ठरली, आणि त्या वेळी बहुमताचा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश चंद्रचूडच होते.

दरम्यान राजापूरची जागा १९७१ मध्ये मधू दंडवते यांनी जिंकली. १९७७ मध्ये ते जनता सरकारात रेल्वेमंत्री झाले. त्याच सरकारने १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला. मूळ मसुद्यात घटनेची मूलभूत वैशिष्ट्ये बदलायची झाल्यास जनतेचे सार्वमत घेण्याची तरतूदही होती. ती लोकसभेत संमत झाली, पण राज्यसभेने नाकारली.