ईसीयूची अदलाबदल कशी बंद झाली?

ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कारभार पाहणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, गेल्याची शंका आली की पूर्वी गॅरेजमध्ये एक सरळ चाचणी करत. त्याच मॉडेलच्या चालू गाडीचा ईसीयू काढायचा, बंद पडलेल्या गाडीला जोडायचा आणि किल्ली फिरवायची. इंजिन सुरू झाले तर जुना ईसीयू गेला. नाही झाले तर दोष वायरिंगमध्ये किंवा सेन्सरमध्ये शोधायचा. आज बहुतेक गाड्यांवर असे करता येत नाही. उसना ईसीयू लावला की इंजिन सुरूच होत नाही, किंवा एक-दोन सेकंद चालून बंद पडते. मग हा मूळचाच दोष की गाडीने परका ईसीयू नाकारला, ते कळत नाही. निदानाची सगळ्यात भरवशाची पद्धत अशी हातातून गेली. तिला कारण ठरला नव्वदच्या दशकातला एक नियम, आणि त्याहीपेक्षा त्या नियमातून निवडलेली वाट.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठ्याचा पहिला व्यावसायिक प्रयत्न अमेरिकेत १९५७-५८ च्या सुमारास ‘इलेक्ट्रोजेक्टर’ या नावाने झाला आणि फसला. विकलेल्या मोजक्या गाड्यांपैकी बहुतेकांना नंतर कार्ब्युरेटरच बसवावा लागला. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेसाठीच्या फोक्सवॅगन १६०० मध्ये डी-जेट्रॉनिक ही प्रणाली आली. तिच्यातली पेटी ॲनालॉग होती. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा एवढे ती ठरवायची. चुकांची नोंद ठेवणारी स्मृती तिला नव्हती, त्यामुळे निदान म्हणजे व्होल्टमीटर, खास तपासणी-पेटी आणि अदलाबदल. इंधन आणि ठिणगी या दोन्हींचा हिशेब एकाच डिजिटल पेटीत आणणारी मोट्रॉनिक १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७३२आय मध्ये बसली, आणि आजच्या अर्थाने ज्याला ईसीयू म्हणतो तो तिथून सुरू होतो.

ऐंशीच्या दशकात गाडी स्वतःचा दोष स्वतः सांगू लागली. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीत स्वयंतपासणी आणि इशाऱ्याचा दिवा सक्तीचा केला. दोषाचा कोड वाचायला स्कॅनरच लागायचा असे नाही. अनेक गाड्यांत दोन पिना तारेने जोडल्या की डॅशबोर्डवरचा दिवा उघडझाप करायचा आणि मेकॅनिक त्या उघडझापा मोजून अंक लिहून घ्यायचा. याच काळातल्या बऱ्याच अमेरिकी गाड्यांत विशिष्ट इंजिन-गिअरबॉक्सचे आकडे एका सुट्या चिपमध्ये असत. ईसीयू बदलताना जुन्यातली चिप उपटून नव्यात बसवायची, की काम झाले. पेटी सर्वांसाठी एकच आणि माहिती मात्र त्या-त्या गाडीची, ही विभागणी तेव्हापासूनची आहे. फरक इतकाच, की तेव्हा ती माहिती चिमट्याने उचलून हलवता येत होती. नव्वदच्या दशकात फ्लॅश स्मृती आली, सुटी चिप गेली आणि चिमट्याच्या जागी केबल आली.

अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या कार आणि हलक्या ट्रकना ओबीडी-२, म्हणजे सोळा पिनांचा ठराविक सॉकेट आणि सामायिक कोड सक्तीचे झाले. युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी हे २००१ पासून आले, डिझेलसाठी त्यानंतर. याच्या जोडीला अमेरिकेतला वॉरंटीचा नियमही महत्त्वाचा आहे, पण तो फारसा कुणाच्या लक्षात नसतो. तिथल्या १९९० च्या कायदादुरुस्तीनुसार १९९५ पासूनच्या मॉडेलांत उत्सर्जन नियंत्रणाच्या इलेक्ट्रॉनिक युनिटला आठ वर्षे किंवा ८०,००० मैल अशी वॉरंटी द्यावी लागते. पेटीचा खर्च ग्राहकाच्या खिशातून जाणार नसल्याने ‘आधी ईसीयू बदलून पाहू’ ही सवय तिथे बळावली असावी, असे माझे मत आहे. बदलून परत गेलेल्या पेट्यांपैकी कितीतरी कारखान्याच्या टेबलावर ठणठणीत निघतात, ही या धंद्यातली जुनी तक्रार आहे.

ती तक्रार समजायची तर ईसीयू खरोखर कसा मरतो ते पाहावे लागते, कारण तो आपणहून क्वचितच मरतो. ऐंशीच्या अखेरीस आणि नव्वदच्या दशकात बनलेल्या काही ईसीयूंतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वीसेक वर्षांत गळतात आणि त्यातला द्रव सर्किट बोर्डावरचे तांबे खातो, हे वार्धक्य. उष्णता आणि गारवा यांच्या फेऱ्यांनी सोल्डरचे सांधे तडकतात, तेव्हा गाडी थंड असताना चालते आणि तापली की बंद पडते. बाकीचे मरण बाहेरून येते. शॉर्ट झालेली इग्निशन कॉइल किंवा आयडल व्हॉल्व्हची मोटर ईसीयूमधल्या, तिला चालवणाऱ्या ड्रायव्हर ट्रान्झिस्टरला जाळते. बॅटरी उलटी जोडली जाते, बॅटरी न काढताच वेल्डिंग होते, वायपरखालच्या पन्हळीतले पाणी कनेक्टरमध्ये उतरते. अशा वेळी कारण न शोधता नवी पेटी बसवली तर तीही त्याच वाटेने जाते.

म्हणून जुने मेकॅनिक पेटीवर आरोप ठेवण्याआधी तिला मिळणारी वीज आणि अर्थ (अर्थिंगची तार) तपासतात. तेही रिकाम्या तारेवर नाही, भार असताना, स्टार्टर फिरत असताना. अर्थच्या तारेत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेज पडत असेल तर शंका घ्यायची. दुसरी जागा म्हणजे सेन्सरना पुरवल्या जाणाऱ्या पाच व्होल्टची लाइन. ती अनेक सेन्सरमध्ये वाटलेली असते. त्यातला एक शॉर्ट झाला, मग तो एसीच्या गॅसचा दाब मोजणारा का असेना, की सगळी लाइन खाली ओढली जाते आणि ईसीयू मेल्यासारखा दिसतो. सेन्सरचे कनेक्टर एकेक करून काढत जायचे. ज्याला काढल्यावर पाच व्होल्ट परततात तो गुन्हेगार. स्कॅनरशी बोलणेच होत नसेल तर कॅनच्या, म्हणजे गाडीतल्या पेट्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या जाळ्याच्या, दोन तारांमधला रोध मोजतात: बॅटरी काढून, सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांवर. साधारण ६० ओहम आले तर दोन्ही टोकांचे रोधक जागेवर आहेत. १२० आले तर एक टोक तुटले आहे, आणि ते टोक बऱ्याच गाड्यांत ईसीयूच्याच पोटात असते.

कोड यात मदत करतात, पण निकाल देत नाहीत. पी ०६०१ स्मृतीतला दोष सांगतो, पी ०६०६ प्रोसेसरचा. दोन्ही वाचले की पेटी गेली असे वाटते, पण मरायला टेकलेल्या बॅटरीवर गाडी सुरू करण्याच्या धडपडीतही असे कोड पडू शकतात. यू ०१०० एवढेच म्हणतो, की इंजिनाच्या ईसीयूकडून उत्तर येत नाही. फ्यूज उडालेला, रिले अडकलेला, अर्थ गंजलेला, काहीही असू शकते. शेवटचा शब्द अदलाबदलीचाच होता.

इथे तो नियम येतो. १९९० च्या सुमारास पूर्व युरोपच्या सीमा खुल्या झाल्यावर पश्चिम युरोपात, विशेषतः जर्मनीत, कारचोऱ्या भराभर वाढल्या. विमा कंपन्यांनी दबाव आणला. शेवटी युरोपीय स्तरावर १९९५ मध्ये निर्देश निघाला आणि ऑक्टोबर १९९८ पासून तिथल्या प्रत्येक नव्या प्रवासी कारला इमोबिलायझर, म्हणजे अस्सल किल्लीशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा, सक्तीचा झाला. ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये आणि कॅनडाने २००७ मध्ये तीच वाट धरली. इमोबिलायझर ईसीयूशी बांधलाच पाहिजे असे मात्र त्या निर्देशात म्हटले नव्हते. त्यात पर्याय होते: गाडी चालायला लागणारी किमान दोन वेगवेगळी सर्किटे तोडा, किंवा गाडी चालायला आवश्यक असलेल्या किमान एका कंट्रोल युनिटमध्ये कोडने अडथळा आणा.

कारखान्यांनी दुसरा पर्याय उचलला. तो त्यांना स्वस्त होता, कारण ईसीयू गाडीत होताच. वेगळे रिले आणि वेगळ्या तारा लागत नव्हत्या. चोराच्या दृष्टीने पाहिले तर तो चांगलाही होता. तोडलेले सर्किट तारेच्या तुकड्याने जोडता येते, कोड जोडता येत नाही. किल्लीतली चिप स्टिअरिंगजवळच्या कड्याला आपली ओळख सांगते, इमोबिलायझर ती पडताळतो आणि ईसीयूला हिरवा कंदील देतो. ईसीयू हा संदेश आपल्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) जपलेल्या अंकाशी ताडून पाहतो आणि जुळला नाही तर इंजेक्टर बंद. चोऱ्या खरोखरच घटल्या, ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या आकड्यांवरच्या अभ्यासांतही ते दिसते. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण बिल दुरुस्तीच्या खात्यावर फाडले गेले. सर्किट तोडणारा इमोबिलायझर बिघडला तर फक्त तोच बदलायचा, ईसीयू मोकळा. कोडच्या वाटेने गेल्यावर ईसीयू, इमोबिलायझर आणि किल्ली यांची गाठ बसली आणि भंगारातला ईसीयू सुटा निरुपयोगी झाला. तिघे एकाच गाडीचे असतील तर चालतात, म्हणून जुन्या मालाच्या बाजारात आजही तो संच एकत्रच विकतात. नव्या पेटीची गोष्ट आणखी वाईट. बऱ्याच कंपन्यांची ती कोरी येते, पहिल्या जोडणीत त्या गाडीशी बांधली जाते आणि मग दुसऱ्या गाडीच्या कामाची राहत नाही. म्हणजे निदान चुकले तर परत करायला काही उरत नाही. चाचणी म्हणून जी गोष्ट फुकट होती, तीच आता सगळ्यात महाग पाऊल झाली. चोरी आणि दुरुस्ती यांत फरक करणारी एखादी सोय तेव्हाच ठेवता आली असती, उदाहरणार्थ मूळ किल्ली हजर असताना काही मिनिटांपुरती परक्या ईसीयूला परवानगी. काही उत्पादकांनी साध्या प्रक्रियेने पुन्हा जुळवणी होऊ दिली, म्हणजे ते अशक्य नव्हते. बहुतेकांनी ती प्रक्रिया आपल्या अधिकृत यंत्रामागे ठेवली.

यानंतरचा वाद त्या यंत्राच्या मालकीचा आहे. अमेरिकेत २००४ च्या मॉडेलांपासून उत्सर्जनाशी संबंधित ईसीयूंचे सॉफ्टवेअर एका सामायिक जोडयंत्रातून भरता आले पाहिजे, असे बंधन आले. त्यामुळे स्वतंत्र गॅरेजला नवे सॉफ्टवेअर भरता येऊ लागले, पण किल्लीची गाठ त्यातून सुटेलच याची हमी नव्हती. युरोपात २००७ च्या नियमाने दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना खुली करायला लावली. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर केला, आणि २०२० मध्ये गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीलाही तो लागू केला. दरम्यान, एका प्रचलित इमोबिलायझरच्या सांकेतिक पद्धतीतला कच्चेपणा शोधणाऱ्या संशोधकांचा निबंध २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या न्यायालयाने अडवला. तो छापून यायला २०१५ उजाडले. तोवर चोर किल्ली न फिरवता सुरू होणाऱ्या गाड्यांत मालकाजवळच्या किल्लीचा सिग्नल दूरवर पोचवण्याकडे वळू लागले होते, आणि त्या युक्तीला हे कुलूप अडवत नाही, कारण तिथे अस्सल किल्लीच उत्तर देते.

२०१५ मध्येच जीप चेरोकी दूरवरून ताब्यात घेऊन दाखवण्यात आली आणि सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर कुलूप ईसीयूपुरते उरले नाही. काही गाड्यांत २०१८ च्या मॉडेलांपासून सॉकेट आणि बाकीच्या जाळ्यामध्ये सुरक्षा-गेटवे आला. नोंदणी नसलेला स्कॅनर कोड वाचू शकतो, पण पुसू किंवा लिहू शकत नाही. युरोपात जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना सायबरसुरक्षेचे आणि सॉफ्टवेअर-बदलाचे नियम लागू झाले, आणि त्यांचा आधार घेऊन हे दरवाजे आणखी घट्ट होत आहेत.

कंपनीची वाट टाळून राहिलेला मार्ग क्लोनिंगचा. मेलेल्या ईसीयूमधली सगळी माहिती उचलून त्याच भागक्रमांकाच्या जुन्या पेटीत ओतायची, म्हणजे गाडीला बदल झाल्याचे कळतच नाही. नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकांतल्या पेट्यांवर हे सहज जमते, कारण गाठीचा अंक आठ पायांच्या सुट्या ईईप्रॉममध्ये असतो. प्रोसेसर जळला तरी ती चिप उतरवून वाचता येते. नंतरच्या अनेक ईसीयूंत ती सुटी चिप राहिली नाही. माहिती प्रोसेसरच्याच आतल्या स्मृतीत आणि पासवर्डमागे गेली. असा प्रोसेसर पूर्ण मेला तर उचलायला काही उरत नाही. म्हणून अधूनमधून दगा देणारी पेटी टेबलावर आली की ती उघडून दुरुस्त करण्याआधी, जिवंत असतानाच, तिची पूर्ण प्रत काढून ठेवण्याची पद्धत या कामात रुळली आहे.