नकाशावरचा सर्वात गडद भाग सर्वात धोक्याचा नसतो
रोगाच्या नकाशावर जिथे रंग सर्वात गडद तिथे धोका सर्वाधिक, हा समज चुकीचा आहे. छोट्या गावात वयोमानानुसार 0.5 रुग्ण अपेक्षित असताना 2 सापडले, की सापडलेले भागिले अपेक्षित हे गुणोत्तर थेट 4 होते आणि नकाशावर गावाचा रंग गडद होतो. पण पॉयसाँ वितरणानुसार (क्वचित घडणाऱ्या घटना योगायोगाने किती वेळा घडतील हे सांगणारे गणित) 2 किंवा अधिक रुग्ण निव्वळ योगायोगाने सापडण्याची शक्यता 9 टक्के आहे. अशी 200 गावे असतील तर सुमारे 18 उगाचच गडद दिसतील, आणि तिथल्या लोकांना नाहक घाबरवले जाईल. उलट 50 अपेक्षित असताना 65 आढळले तर गुणोत्तर फक्त 1.3, तरी योगायोगाची शक्यता 3 टक्क्यांहून कमी.

म्हणून आधी संपूर्ण नकाशाची एकत्रित चाचणी करा, म्हणजे सगळ्या गावांतले फरक मिळून योगायोगापलीकडचे आहेत का ते तपासा. त्यासाठी काय-वर्ग हा आकडा वापरतात: सापडलेले आणि अपेक्षित रुग्ण यांतली एकूण तफावत. बऱ्याच गावांचे अपेक्षित आकडे 5 पेक्षा लहान असतील तर काय-वर्गाच्या छापील कोष्टकावर विसंबू नका. एकूण रुग्ण गावांमध्ये अपेक्षित प्रमाणात 999 वेळा यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे) वाटा, दर वेळचा काय-वर्ग काढा आणि खऱ्या नकाशाचा काय-वर्ग त्यांत कितवा येतो ते पाहा.