दगड पाणी कसा पितो?

वाईच्या ढोल्या गणपतीची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, कृष्णेचा पूर तिच्यावर फाटावा म्हणून. अंगावर येणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त असा झाला. पण भिंतीच्या आतून चढणारी ओल आकाराला जुमानत नाही. ती मोजावी लागते.

सातारा-सांगलीकडचा काळा फत्तर, म्हणजे बेसाल्ट, घट्ट असेल तर जेमतेम पाणी घेतो. सांध्यांतला चुना मात्र घेतो. हा चुना म्हणजे भाजलेली, विरवलेली आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट झालेली चुनखडी. त्यामुळे युरोपातल्या चुनखडकाच्या इमारतींसाठी बसवलेल्या चाचण्या आपल्या घाटांवर आणि वाड्यांवरही उपयोगी पडतात.

लंडनचे सेंट पॉल कॅथेड्रल ज्या पोर्टलंड दगडाचे आहे, त्यात साधारण पाचवा हिस्सा पोकळीच असते. रसायन तेच असलेल्या संगमरवरात ती १ टक्काही नसते. शिवाय नुसती पोकळी किती हे पुरत नाही, छिद्रे किती बारीक आहेत हेही पाहावे लागते. छिद्र जितके बारीक तितके पाणी वर खेचले जाते. ०.०१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत ते सुमारे दीड मीटर चढू शकते. भिंतीत त्याआधीच बाष्पीभवन त्याला गाठते.

प्रयोगशाळेत वाळवलेला ठोकळा काही मिलिमीटर पाण्यात उभा करतात आणि ठरावीक वेळाने वजन करतात. पहिल्या तासात जितके पाणी शिरले, त्याच्या दुप्पट व्हायला चार तास लागतात. वाढ वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे होते. देवळाचा तुकडा काही तोडून आणता येत नाही. तिथे कार्स्टेन नळी कामाला येते. खुणा केलेली ही काचेची नळी पुटीने भिंतीला चिकटवायची, पाणी भरायचे आणि पातळी किती उतरते ते पाहायचे. सुमारे १० सेंटिमीटर पाण्याचा दाब म्हणजे ताशी १४० किलोमीटर वाऱ्याने पाऊस झोडपल्यासारखा.

पाणी शिरण्याहून मला त्याचे बाहेर पडणे महत्त्वाचे वाटते. ते जिथे सुकते तिथे क्षार साचतात. पृष्ठभागावर साचले तर नुसता लोणा दिसतो, झाडला की जातो. आत साचले तर स्फटिक वाढतात आणि पोपडे सुटतात. सिमेंटने दरजा भरल्या की ओलीची नेहमीची वाट बंद होते. सिमेंट स्वतःचे क्षारही आणते, ते वेगळेच. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या सांगलीत जुन्या भिंतींना घाईघाईने सिमेंटचा गिलावा करणे म्हणजे ओल आत कोंडणे.

म्हणून दुरुस्तीआधी जुन्या चुन्यावर नळी लावावी, नंतर नव्या सांध्यावर. नवा सांधा फारच कमी पाणी पीत असेल तर मिश्रण बदलावे. आणि हे मोजमाप उन्हाळ्यात करावे. श्रावणात भिंत आधीच भिजलेली असते, नळीतली पातळी हलत नाही, आणि सगळे उत्तम आहे असा अहवाल तयार होतो.