लांब लेन्सची बीन बॅग गच्च का भरू नये: सफारीला जाणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडल्याला निघालेले ग्राहक बीन बॅग, म्हणजे लेन्स टेकवायची दाण्यांची पिशवी, भाड्याने न्यायला दुकानात येतात, ती हातात तोलून पाहतात आणि विचारतात, "काऊन भाऊ, दाणे कमी टाकले का? पिशवी खालीच दिसून राहिली!"

दाणे कमी टाकलेले नसतात. पिशवी तेवढीच भरायची असते. काउंटरवर गर्दीत हे सांगताना अर्धे राहून जाते, म्हणून लिहून देत आहोत. कृपया गाडीत बसल्यावर का होईना, पण एकदा वाचा.

होते असे की, ग्राहक रिसॉर्टवर पोहोचतो, स्वयंपाकघरातून दोन किलो तांदूळ मागतो आणि पिशवी ठासून भरतो. परतल्यावर सांगतो, "तुमच्या बॅगवर लेन्स हलते, वाघाचे सगळे फोटो धूसर आले." आम्ही पिशवी हातात घेतो तर ती लोडासारखी टणक झालेली असते, चेनचे दात सुटलेले असतात आणि आमच्या प्लास्टिक दाण्यात तांदूळ मिसळलेला असतो. तो चाळून वेगळा करायला एका माणसाचा तास जातो. पण आमच्या तासापेक्षा तुमची सफारी मोठी आहे. बुकिंग मिळवायला केलेली धडपड, पहाटेची थंडी, गेटवरची रांग, आणि इतके करून वाघ समोर आला तेव्हा लेन्स गोल लोडावरून घसरत होती. याचे आम्हाला खरोखर वाईट वाटते.

पिशवीत रिकामी जागा लागते कशाला? लेन्स वर ठेवली की खालचे दाणे बाजूला सरकतात आणि लेन्सच्या आकाराचा खड्डा तयार होतो. मग लेन्सच्या वजनाने ते एकमेकांत अडकून बसतात. सरकणे आणि अडकणे या दोन्हींमुळे लेन्स स्थिर राहते. दाण्यांच्या आपसातल्या घर्षणात गाडीची थरथरही बरीच जिरते. गच्च भरलेल्या पिशवीत दाण्यांना सरकायला वावच नसतो. लेन्स फक्त एका रेषेवर टेकते आणि डावी-उजवीकडे लोळते. अशा पिशवीत आणि गाडीच्या लोखंडी दांडीत मग फारसा फरक उरत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. पिशवी टेबलावर ठेवा आणि मधोमध मूठ दाबा. मूठ आत जाऊन खड्डा तसाच राहिला पाहिजे. मूठ आतच जात नसेल तर पिशवी जास्त भरली आहे. मूठ थेट टेबलाला लागली तर कमी भरली आहे. साधारण दोन तृतीयांश ते पाऊण भाग भरलेली पिशवी या परीक्षेत उतरते. आम्ही प्रत्येक पिशवी अशी दाबून बघूनच देतो.

थोडीशी थरथर म्हणजे नेमकी किती, हेही एकदा बघा. फुल फ्रेम (मोठ्या, ३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० मिमी लेन्स लावली, तर ५० मीटरवर जेमतेम ३ मीटर रुंदीचा भाग फोटोत येतो. म्हणजे वाघ आडवा उभा असेल तर फ्रेम जवळजवळ भरली. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे ६,००० पिक्सेल असतात, तेव्हा एका पिक्सेलच्या वाट्याला वाघाच्या अंगावरचा अर्धा मिलिमीटर येतो. फूटभर लांबीच्या लेन्सचे एक टोक, फोटो निघत असताना, ०.००३ मिमी हलले तरी चित्र एका पिक्सेलने सरकते. माणसाचा केस याच्या वीसेक पट जाड असतो. हातात धरलेली दोन किलोची लेन्स इतकी स्थिर कोणीच ठेवू शकत नाही. शटरचा वेग वाढवून बरेच भागते. हातात धरून ६०० मिमीला १/६०० सेकंद, आणि त्याहून लहान क्रॉप सेन्सरवर १/१००० च्या आसपास, हा जुना हिशेब आजही उपयोगी आहे. पण हिवाळ्यात सकाळच्या फेरीला सागाच्या नाहीतर बांबूच्या सावलीत उजेड इतका कमी असतो की तेवढा वेग परवडत नाही. आधार लागतो तो अशा वेळी.

भरायचे काय? भाड्याच्या पिशव्यांत आम्ही प्लास्टिक दाणा घालतो. तो ओल धरत नाही आणि किडत नाही. विकत घेतलेल्या पिशवीत घरचा तांदूळ, गहू, मूग, काहीही चालते. तांदूळ छान बसतो, पण जड होतो. मोहरी फार घसरते, ती टाळा. थर्माकोलचे मणी हलके असले तरी दाबले की परत उसळतात, त्यामुळे मोठ्या लेन्सखाली ते कामाचे नाहीत. धान्य भरले असेल तर सीझन संपल्यावर पिशवी आठवणीने रिकामी करा. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचा कोअर म्हणजे आतला मुख्य भाग बंद असतो. त्या तीन महिन्यांच्या पावसाळी हवेत कपाटात पडलेल्या पिशवीतून ऑक्टोबरमध्ये पोरकिडे निघालेले आम्ही पाहिले आहेत. विमानाने येणाऱ्यांनी पिशवी रिकामीच आणावी. धान्य नागपुरात कुठेही मिळते, सामानाचे वजन त्यासाठी कशाला वाढवायचे?

गाडीत बसल्यावर

जिप्सीच्या बाजूच्या कडेवर किंवा पुढच्या सीटमागच्या दांडीवर साधी उशीसारखी पिशवी गोल फिरते. म्हणून आमची पिशवी घोड्याच्या खोगिरासारखी शिवलेली आहे. दोन्ही बाजूंना एकेक कप्पा लोंबतो आणि मधला भाग दांडीवर बसतो. ती दांडीला बांधू नका. वाघाने रस्ता ओलांडला की पिशवी एका हाताने उचलून दुसऱ्या बाजूला ठेवता आली पाहिजे. गच्च भरलेली जड पिशवी इथेही नडते.

लेन्स टेकवताना तिचा पाय (ट्रायपॉडला जोडायची पट्टी) वरच्या बाजूला फिरवा आणि नळीचा जाड, न फिरणारा भाग पिशवीवर येऊ द्या. झूमची किंवा फोकसची रिंग पिशवीवर आली तर ती अडते. पुढच्या हूडवर भार देऊ नका. डावा हात लेन्सच्या वर हलकेच ठेवा, खाली नको. थरथर कमी करणारे स्टॅबिलायझेशन चालूच राहू द्या, कारण गाडीत सहा पर्यटक, गाइड आणि चालक असतात आणि कोणी ना कोणी हलतेच. इंजिन बंद करायची विनंती चालकाला आधीच करून ठेवा. आणि गाडी चालू असताना लेन्स पिशवीवर पडून राहू देऊ नका, मांडीवर घ्या. एका खड्ड्याने काय होते, ते दुरुस्तीला आलेल्या लेन्स पाहून आम्हाला ठाऊक आहे.

ट्रायपॉड सफारीत नेऊ नका. पाय पसरायला जागा नसते आणि गाडीतून उतरायला परवानगी नसते. एका पायाचा मोनोपॉड बसून वापरता येतो, पण तो गाडीच्या तळावर टेकतो आणि तळाची प्रत्येक हालचाल वर पोहोचवतो. अंबाझरी किंवा गोरेवाड्याच्या तलावाकाठी पक्षी टिपायचे असतील तर मात्र दोन्ही उत्तम, आणि दोन्ही आमच्याकडे भाड्याने मिळतात. ऑनलाइन दिसणारा दोन पायांचा बायपॉड काही जण मागतात. तो मूळचा बंदुकीचा, जमिनीवर पालथे पडून नेम धरणाऱ्यासाठी केलेला. जिप्सीत तो कुठे टेकवणार? पिशवीचा आधारही नेमबाजांचाच, ते आजही वाळूच्या पिशव्या वापरतात. शिकारीला आळा घालणाऱ्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर जंगलात त्या पिशवीवर कॅमेरा विसावतो, याचा आम्हाला आनंद आहे.

मे महिन्यातल्या तक्रारींबद्दल एक सांगायचे आहे. चढत्या उन्हात शंभर मीटरवरच्या पाणवठ्याचा फोटो लिबलिबीत आला, तर दोष पिशवीचा नाही आणि लेन्सचाही नाही. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या झळांतून प्रकाश वाकडातिकडा येतो. त्यावर कुठलाच आधार चालत नाही. प्राणी जवळ येईपर्यंत थांबा किंवा सकाळच्या पहिल्या तासाचा फायदा घ्या.

भाड्याच्या पिशवीची चेन आता आम्ही सील लावून देतो. काहींना हा अविश्वास वाटला. तसे नाही. सील तुटले नाही, तर पिशवी आम्ही जशी दिली तशीच तुमच्या लेन्सखाली होती, एवढे आम्हाला कळते, आणि तरीही फोटो हलले असतील तर कारण शोधायला सोपे जाते. तशी वेळ आली तर कॅमेऱ्यासकट या, आम्ही फोटो मोठे करून सोबत बसून बघू. घरी जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवायची असेल तर माप विचारा, आनंदाने देऊ. दुहेरी शिलाई आणि जाड चेन मात्र सोडू नका.

तुमच्याच लेन्सच्या मापाने पिशवी शिवून हवी असेल तर सोमवारपर्यंत लेन्स घेऊन या. मंगळवारी ताडोबा बंद असतो, भाड्याची ये-जा कमी असते, तेव्हा शिवणकाम आम्ही त्याच दिवशी करतो.