मुरुडशेंगेचा पीळ आणि तुरटपणाचं रसायन

पिळलेल्या मुरुडशेंगेचा फोटो आणि खाली ओळ: ‘आतड्यासारखी दिसते, म्हणून पोटाला गुणकारी.’ हा संदेश आमच्या नाशिकच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. मुरुडशेंग मला फार प्रिय आहे, म्हणूनच हे तर्कट सहन होत नाही. या झुडपाच्या सालीच्या वाखापासून दोरही वळतात. दिसण्यावरूनच गुण ठरत असता तर शेंग दोरासारखीही दिसतेच की!

अंजनेरी-त्र्यंबकच्या रानात पावसाळा सरताना हिची विटकरी लाल फुलं दिसतात. जुनी झाली की ती करडी-निळसर होतात. शास्त्रीय नाव हेलिक्टेरिस आयसोरा, भेंडी-जास्वंदीच्या कुळातली. आपल्याकडे मुरडा झाला की आणि बाळाच्या गुटीत सहाणेवर दोन वेढे, हा तिचा जुना उपयोग.

शेंग उगाळून चाटली तर तोंड आखडतं. ही करामत टॅनिनांची, म्हणजे वनस्पतींतल्या तुरट द्रव्यांची. आयुर्वेदात तुरट हा सहा रसांपैकी एक. पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने ती चवीपेक्षा स्पर्शाची जाणीव जास्त आहे. लाळेतली प्रथिनं जिभेला वंगण पुरवतात. त्यांत प्रोलीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. टॅनिनच्या रेणूची सपाट वलयं प्रोलीनच्या वलयांना चिकटतात, त्याचे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) हायड्रोजन बंधांनी ती पकड घट्ट करतात. एकच टॅनिन दोन-तीन प्रथिनसाखळ्यांना धरून ठेवतं, गुंता वाढतो आणि साका बसतो. वंगण गेलं, जीभ खरखरली! कडक उकळलेल्या चहाने होतं ते हेच. बाभळीच्या सालीने कातडं कमावतात तेही हेच, कारण कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनातही प्रोलीन खूप. सुजलेल्या आतड्याच्या अस्तरावर टॅनिनं असाच पातळ थर धरतात आणि स्राव कमी होतो, असं तुरट औषधांचं स्पष्टीकरण दिलं जातं. त्यात शेंगेच्या आकाराचा काही संबंध नाही.

तिच्या मुळाने ‘मधुमेह कायमचा बरा’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. मुळाच्या अर्काचे प्रयोग उंदरांवर झालेत, त्यावरून इन्सुलिन बंद करायचं नसतं. पहिले 6 महिने बाळाला फक्त आईचं दूध, म्हणजे गुटीही नाही. जुलाबात आधी जलसंजीवनी, शौचात रक्त दिसलं तर थेट डॉक्टर.

काष्ठौषधींच्या दुकानात वाळकी शेंग मिळाली तर टोकाकडून निरखून पाहा. ती एक शेंग नसतेच. एकाच फुलातल्या बीजकोशाचे पाच पदर एकमेकांना वेढे घालून बसलेले असतात. वाळल्यावर प्रत्येक पदर आतल्या शिवणीवर उकलतो आणि बारीक, कोनेदार बिया तळहातावर सांडतात.